देव न मानणारा मानकरी

भिकूदादाच्या शोकसभेत आमच्या ग्रामस्थ मंडळाचे अध्यक्ष उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "भिकूदादा स्वतः नास्तिक होते, पण सर्वांच्या श्रद्धांचा त्यांनी आयुष्यभर आदर केला." समोर बसलेल्या साठ-सत्तर माणसांनी माना डोलावल्या. मी मंडळाचा सेक्रेटरी. वही मांडीवर घेऊन बसलो होतो आणि सवयीने ते वाक्य मी लिहूनही टाकलं.

घरी येऊन ते आठवलं आणि डोकं फिरलं. साफ खोटं आहे ते. भिकूदादाने आमच्या श्रद्धांचा आदर कधीही केला नाही. हे थोतांड आहे असं तो तोंडावर सांगायचा आणि सांगून झालं की चहा मागायचा. मेलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही, म्हणून त्याच्या नावावर आपली वाक्यं खपवायची, हा आमच्या गावाचा जुना धंदा आहे. ह्याच अध्यक्षांनी त्याला भर सभेत धर्मबुडव्या म्हटलेलं मी ऐकलंय. ते मात्र मी वहीत लिहिलं नव्हतं, कारण तसलं काही लिहायचं नसतं.

म्हणून हे लिहितोय. गावाचं नाव देत नाही. रत्नागिरीहून आरे-वारेच्या रस्त्याला लागलं की मध्येच उजवीकडे आत वळावं लागतं, एवढं पुरे. नाव दिलं तर शेजारची गावं फुकट खूश होतील आणि त्यांच्याकडेही काही निराळं चालत नाही.

भिकूदादा माझ्या घराच्या वरच्या अंगाला राहायचा. वीज खात्यात वायरमन म्हणून पस्तीस वर्षं खांब चढला. उंच, हाडकुळा, उन्हाने रापलेला, आणि चालताना दोन्ही हात मागे बांधलेले. ते हात आरतीच्या वेळीही मागेच असायचे. देवळात सगळ्यांच्या टाळ्या चालू आणि हा खांबाला टेकून पंख्याकडे बघत उभा. आरती संपली की गुरवाला सांगणार, पंख्याचं बेअरिंग गेलंय, बदलून घे. प्रसाद मात्र दोनदा घ्यायचा. कुणी टोमणा मारला तर विचारायचा, शिऱ्याने काय पाप केलंय.

शर्टाच्या खिशाला टेस्टर असायचा, निवृत्त झाल्यावरसुद्धा. कुणी काही ठासून सांगितलं की त्याचा प्रश्न ठरलेला, "टेस्टर लावून बगलास काय?" मग ती बाजारातल्या सुरमईची गोष्ट असो, होणाऱ्या जावयाची असो, नाहीतर आमदाराने दिलेल्या शब्दाची. माणसं चिडायची. पण रात्री-अपरात्री घरातली लाईट गेली की आधी त्यालाच हाक मारायची.

खालच्या मोहल्ल्यातल्या उरुसाची रोषणाई त्याच्याकडे आणि आमच्या शिमग्याचीही त्याच्याकडे. दोन्हीकडे तो सारखाच फटकळ. तिथल्या एका म्हाताऱ्या चाचांनी प्रेमाने गंडा बांधायला त्याचं मनगट धरलं, तर त्यांनाही त्याने हेच ऐकवलं, की चाचा, दोऱ्याने काही होत नाही, तुमच्या मीटरचं अर्थिंग तेवढं करून घ्या. नंतर अर्थिंग त्यानेच करून दिलं. त्याला धर्मबुडव्या म्हणणाऱ्यांना ही गोष्ट गैरसोयीची होती, म्हणून ती आमच्याकडे कुणी सांगत नाही.

त्याच्या नावाची कथा तो स्वतःच सांगायचा. त्याच्या आईची आधीची तीन मुलं गेली होती. हा जन्मला तेव्हा त्याला सुपात घालून शेजारणीला देऊन टाकला आणि तिच्याकडून पसाभर तांदूळ देऊन भीक म्हणून परत मागून घेतला. नाक टोचलं, नाव भिकाजी ठेवलं. म्हणजे वर जो कोणी मुलं नेतो त्याला वाटावं, की हे ह्या घरातलं नव्हेच, कुठून तरी मागून आणलेलं आहे. "माजं नावच मुळी देवाला फसवायला ठेवलेलं," भिकूदादा म्हणायचा. "जो देव पसाभर तांदळात फसतो, त्याला मी म्हातारपणी कशाला भ्यायचं?" ह्याला आमच्यापैकी कुणापाशीही उत्तर नव्हतं. पण उत्तर नसलं म्हणून राग येत नाही असं थोडंच आहे.

एका पावसाळ्यात गावाची वीज तीन दिवस गेली. देवरहाटीत, म्हणजे देवीच्या नावाने राखलेल्या रानात, एक जुनी किंजळ आहे. तिची फांदी वाऱ्याने तारांना लागत होती. तिथलं पानसुद्धा तोडायचं नाही, म्हणून कौल घ्यायचं ठरलं. कौल म्हणजे, गुरव देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली. भिकूदादा तेव्हा नोकरीत होता. त्याने सगळ्यांचं ऐकून घेतलं, कोयता घेतला, चढला आणि फांदी उतरवली. वीज आल्यावर गावात पहिला टीव्ही कुणाचा लागला, तर कौल घ्या म्हणून सगळ्यांत मोठ्याने ओरडणाऱ्याचा. तेच आताचे अध्यक्ष.

महिन्याने भिकूदादा स्वतःच्या घराच्या शिडीवरून पडला आणि घोटा मोडला. अर्धा गाव बघायला आला. बघायला कसला, "बघ आता" असं म्हणायला. प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून तो सगळ्यांना सांगत होता, की शिडी माझी, पायरी कुजली होती हे मला दोन वर्षं ठाऊक होतं, आळस माझा. माझ्या आळसाचं श्रेय तुमच्या देवीला देऊ नका, तिला नसती सवय लागेल.

आता ह्याला कुणी आदर म्हणत असेल तर म्हणो.

पण माझी आई त्याच्यावर जीव टाकायची आणि ती तर मुलखाची भाविक. वादळवाऱ्यात हा खांबावर चढून आला की ती मीठ-मिरच्या घेऊन त्याच्या दारात जायची आणि त्याची दृष्ट काढायची. हा उघड्या अंगाने मुकाट उभा राहायचा. सगळं झालं की म्हणायचा, "काकू, ह्यात काय अर्थ नाय. मिरच्या फुकट." आई म्हणायची, मेल्या, गप बस. मग तो विचारायचा, तुम्हाला आता झोप लागेल का. ती म्हणायची, लागेल. "मग उद्या परत काढा," असं सांगून तो आंघोळीला जायचा. आई गेली तेव्हा तो रडला. तिसऱ्या दिवशी मला येऊन म्हणाला, दृष्ट काढण्यावर माझा विश्वास नव्हता, काकूवर होता.

हे वाक्य तेव्हा मला नुसतंच गोड वाटलं होतं. ते किती अवघड आहे हे मला शेवंतीच्या प्रकरणात कळलं.

त्याच्याआधी मानाचं सांगायला हवं. शिमग्यात आमच्या ग्रामदेवीची पालखी देवळातून निघून गावाच्या मधल्या सहाणेवर, म्हणजे दगडी चौथऱ्यावर, येऊन बसते आणि तिथून घरोघर फिरते. देवी स्वतः दारात येते, म्हणून मुंबईला गेलेला माणूस नोकरीवर पाणी सोडून येतो. सहाणेवरून पालखी उठताना पुढच्या दांड्याला पहिला खांदा भिकूदादाच्या घराण्याचा. तो मान दुसऱ्याला देता येत नाही. पुढचा मानकरी थांबला की पालखी थांबते, आणि त्याने पाऊल उचलल्याशिवाय मागून ढकलायची नाही. देव न मानणारा हा माणूस दर वर्षी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, अनवाणी येऊन उभा राहायचा. कसं काय, असं मी विचारलं होतं. म्हणाला, गाव वर्षातून एकदा एकमेकांच्या अंगणात जातं, त्याला खांदा द्यायला मला लाज कसली. त्यांनी माझा खांदा मागितलाय, डोकं मागितलेलं नाही.

शेवंती खालच्या वाडीतली. तिचा नवरा पालखी नाचवण्यात पटाईत होता, तो काविळीने गेला. मुलगी रत्नागिरीत शिकायला. सुतकाचं वर्ष सरलं आणि पुढच्या शिमग्यात पालखी तिच्या अंगणात आली. देवीची ओटी सवाष्णीने भरायची अशी रीत. तिने शेजारच्या दोघींना सांगून ठेवलं होतं, पण दोघींना आपापल्या घरची गडबड, कुणी आलं नाही. पालखी खोळंबली. शेवंतीने ताट उचललं आणि स्वतः ओटी भरली. तेव्हा कुणी काही बोललं नाही. मी तिथे होतो, मी तिच्या घरचा नारळ खाल्ला.

पुढच्या हिवाळ्यात अवकाळी पाऊस पडला आणि आंब्याचा मोहोर काळा पडला. आणि मग आमच्या शहाण्यांना आठवलं, की विधवेने देवीला हात लावला होता. मोहोर सबंध तालुक्याचा काळा पडला होता. शेवंतीने काही तालुकाभर ओट्या भरल्या नव्हत्या. पण हे सभेत कोण बोलणार? भिकूदादा त्या दिवशी मुंबईला मुलाकडे गेलेला. त्याच दिवशी सभा का लावली, हे मला ठाऊक होतं. कौल झाला, डावा पडला. शेवंतीच्या दारात पालखी जाणार नाही, असा ठराव मी लिहिला. नंतर सुरुवातीला "देवीच्या आज्ञेनुसार" असं घुसवलं, मग खाडाखोड नको म्हणून नव्या पानावर सगळं पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहिलं. माझ्या अक्षराची आमच्याकडे तारीफ होते.

भिकूदादा आल्यावर सरळ माझ्याकडे आला. वही दाखव म्हणाला. चष्मा लावून दोनदा वाचलं.

"देवीनं लिवलान काय हे?" त्याने विचारलं. "अक्षर तर तुजं हाय."

मी म्हणालो, दादा, तुझा विश्वास नाही हे आम्ही इतकी वर्षं चालवून घेतलं, आता तूही आमच्या भावनांचा थोडा आदर ठेव. एवढं म्हणायला मला फार धीर करावा लागला होता, आणि ते म्हणताना मी कुणीतरी मोठा समजूतदार माणूस आहे असं मला वाटत होतं.

तो इतका चिडलेला मी कधी बघितला नव्हता. आवाज चढवला नाही, पण हात मागचे पुढे आले. "सेक्रेटरी, तुला ताप आला तर मी तापाचा आदर करू की तुजा? आदर माणसाचा करतात. त्याच्या डोक्यात जे जे काय हाय, त्या सगळ्याला नमस्कार घालत बसलो, तर शेवंतीचं काय करू? ती पण देवी मानते. तुमच्यापेक्षा जास्त मानते. तिची भावना ती भावना नाय?" मग तो म्हणाला, "तुमी आदर आदर म्हणता, ते भीतीचं दुसरं नाव हाय." आणि चहा न घेता गेला. चहा न घेता तो माझ्या घरातून तेवढा एकदाच गेला.

शिमग्याला पालखी सहाणेवर बसली. ढोल वाजले. भिकूदादा धुतलेल्या धोतरात आला, दांड्याजवळ उभा राहिला आणि म्हणाला, पालखी सगळ्या घरी जाणार असेल तर खांदा देतो, नाहीतर नाही.

ढोल थांबले. मग सुरू झाली ती कोंडी. मान दुसऱ्याला देता येत नाही ही आमचीच श्रद्धा. मुंबईला मुलाला फोन लावला, तर तो म्हणाला, बाबा सांगतील तसं. अध्यक्ष म्हणाले, देव न मानणाऱ्याला मान कसला? भिकूदादा म्हणाला, खरंय, द्या दुसऱ्याला. कुणाची हिंमत होईना. देवीच्या कोपाची भीती शेवंतीच्या दारातही आणि सहाणेवरही, आणि मधे हा एकटा न भिणारा म्हातारा. मला आतून हसू येत होतं आणि हसायचीही भीती वाटत होती. सकाळचे अकरा वाजले. मुंबईकरांच्या सुट्ट्या मोजक्या. ग्रुपवर मेसेज फिरायला लागले. लोक नरमायला लागले होते, अजून अर्धा तास ताणलं असतं तर ठराव मागे घेतलाच असता. हे मी शपथेवर सांगतो.

तेवढ्यात शेवंती आली. गर्दीतून वाट काढत थेट भिकूदादासमोर उभी राहिली.

"दादा, तुम्ही भांडून पालखी आणलीत, तर ती माझ्या दारात आली असं मी कशी म्हणू?" ती म्हणाली. "ती भांडणाने आली. मला आईचा शब्द हवाय. त्या दिवशीचा कौल माझ्या पाठीमागे लावला. आज माझ्यासमोर लावा. ती नको म्हणाली तर मी घरी जाईन."

भिकूदादा तिच्यावर भडकला. तिथे सगळ्यांसमोर तिला म्हणाला, की तुझी बाजू लढतोय आणि तूच माझे पाय कापतेस, पाकळीला अक्कल असते का, वारा कुठून येतो त्यावर ती पडते. शेवंती ऐकत राहिली. मग म्हणाली, तुम्हाला ती पाकळी, मला ती आई. तुम्ही माझ्यासाठी भांडताय की तुमच्यासाठी, ते एकदा सांगा.

भिकूदादाने हात पुन्हा मागे बांधले. त्या क्षणी मला अध्यक्षांचा जेवढा राग आला नाही तेवढा तिचा आला, कारण जिंकलेला डाव ती उधळत होती. शेवटी तो म्हणाला, "लावा कौल. पडंल तसं मी मानीन." आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडून हे निघालं आणि अध्यक्षांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मला अजून विसरता येत नाही.

देवळाकडे जाताना गुरवाने त्याला बाजूला घेतलं. मी मागेच होतो, ऐकलं. गुरव भला माणूस, शेवंतीचं वाईट वाटत होतं त्याला. हळूच म्हणाला, दादा, काळजी करू नका, डावीला पाणी जास्त लावतो, चिकटून राहील, उजवी पडेल. म्हणजे इतकी वर्षं हे असंही चालत आलं होतं. भिकूदादा ज्याला थोतांड म्हणत होता ते थोतांड त्याच्या हातात आयतं येऊन पडलं होतं.

"नाय," तो म्हणाला. "तिला खरं हवंय. तिच्याशी खोटं करायचा मला हक्क नाय. दोनी बाजूला सारखं पाणी लाव."

मी त्याच्या जागी असतो तर डावीला जास्त पाणी लावायला सांगितलं असतं. आजही सांगेन. गुरवाने सारखं पाणी लावलं. शेवंती हात जोडून, डोळे उघडे ठेवून उभी होती. पाच मिनिटं गेली असतील.

डावी पडली.

शेवंतीने देवीला नमस्कार केला आणि कुणाकडे न बघता घरी निघून गेली. अध्यक्ष म्हणाले, चला, देवीनेच निवाडा केला. भिकूदादाने सहाणेवर येऊन दांड्याला खांदा लावला. त्याच्या मानेची शीर ताठलेली मला दिसत होती. ढोल पुन्हा वाजायला लागले, आणि मला त्या ढोलांची किळस आली.

पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो. त्याच पावसाळ्यात भिकूदादा गेला. शोकसभेत दोन मिनिटं उभं राहून झाल्यावर अध्यक्षांनी विषय क्रमांक दोन घेतला, की इथून पुढे पालखी ठरलेल्या घरांखेरीज वाटेत कुठेही थांबवू नये. माणसाची राख थंड झाली नव्हती. मी म्हणालो, हा ठराव मी लिहिणार नाही. वही अध्यक्षांच्या पुढ्यात ठेवली आणि घरी आलो. त्या वहीत माझ्या हातचं शेवटचं वाक्य ते आदराचंच आहे, ह्याचा संताप अजून जात नाही. ठराव दुसऱ्या कुणी लिहिला असेल. का लिहावा लागला, ते आता सांगतो.

मान पालखी उठवण्यापुरता, पुढे खांदा बदलता येतो. वय झाल्यापासून भिकूदादा चार घरं झाली की दांडा पोरांकडे द्यायचा. त्या दिवशी दिला नाही. एकाहत्तर वर्षांचा म्हातारा, टळटळीत ऊन, डांबर तापलेलं, पाय अनवाणी. पोरं दादा द्या, दादा द्या म्हणून मागे लागली, हा मान हलवायचा. खालच्या वाडीत शिरलो. शेवंतीचं घर आलं. दार बंद, अंगण सारवलेलं, रांगोळी पहाटेची. रस्ता तिच्या गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या चिऱ्याच्या भिंतीला, लागून जातो. पालखी पुढे जाणार म्हणून पुढच्या घरची माणसं आरती घेऊन उभी होती.

भिकूदादा थांबला.

मागचे गडी थांबले. ढोल थोडा वेळ तसेच वाजत राहिले, मग तेही बंद झाले. अध्यक्षांनी मला ढकललं, जा, सांग त्याला. मी जवळ गेलो. काय सांगणार? त्याचा श्वास जोरात चालला होता आणि डावा पाय थरथरत होता. अध्यक्ष मागून म्हणाले, "कौल मानतो म्हणालास ना?"

"मानला की," भिकूदादा म्हणाला. "तिच्या अंगणात जायचं नाय, असं पडलं. मी कुठं जातोय? रस्त्यावर उभं ऱ्हावं की नाय, ते कुणी विचारलान नाय."

दार उघडलं. शेवंती गडग्यापाशी आली. दादा, जावा तुम्ही, आई नको म्हणाली ना, असं ती म्हणाली, पण गडग्यापासून हलली नाही. भिकूदादाने तिला सांगितलं, की ओटी कुठून भरायची हेही कुणी विचारलेलं नाही. गडगा कमरेएवढा आहे, हात पोचतो.

ती पालखीतल्या देवीच्या रुप्याकडे, त्या चांदीच्या मुखवट्याकडे, बघत राहिली. मग तिने त्याला विचारलं, "मी तिचं मन मोडतेय काय, दादा?"

इथे दुसरा कुणीही हो किंवा नाही म्हणाला असता. मी तर नाही, नाही, म्हणून तिला धीर दिला असता.

"ते मला कसं ठाऊक असणार?" तो म्हणाला. "मी हितं उभा हाय, एवढंच मला ठाऊक. तुजं तू ठरव."

तिने ठरवायला वेळ घेतला. मग ती आत गेली आणि ताट घेऊन आली. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. गडग्यावरून वाकून तिने ओटी भरली, घाई न करता, एकेक वस्तू नीट लावून. कुणीतरी बायकांतून विटाळ म्हणालं, आणि दुसऱ्या कुणीतरी, गो, गप ऱ्हा, म्हणून तिला गप्प केलं. भिकूदादाच्या खांद्याला दांडा रुतला होता आणि गंजीवर ओलं लाल उमटलं होतं. पोरांनी पुन्हा खांदा मागितला. त्याने दिला नाही.

ओटी झाली. वाटलं, संपलं. पण शेवंतीने ताट गडग्यावर ठेवलं, फाटक उघडलं आणि पाण्याचा तांब्या घेऊन रस्त्यावर आली. घरी आलेल्या मानकऱ्याच्या पायांवर पाणी घालायची आमच्याकडे पद्धत आहे. भिकूदादा दर वर्षी प्रत्येक घरी पाय मागे घ्यायचा, माझे पाय मी धुतो म्हणायचा, आणि यजमानांचे चेहरे पडायचे. शेवंती खाली बसली आणि तिने त्याच्या तापलेल्या उजव्या पायावर पाणी ओतलं. त्याने पाय मागे घेतला नाही. ती धुऊन होईपर्यंत तो समोर बघत, दात आवळून उभा राहिला. मग त्याने स्वतःहून दुसरा पाय पुढे केला.